कायमचा पत्ता : मुलुंड पूर्व

माझ्या भाचीला कुणी 'बाळा, तुझं गाव कुठलं गं?' असं विचारलं की ती आधी विचारणाऱ्याकडे नीट बघून घेते. मग म्हणते, 'आत्ताचं, आधीचं, की फॉर्मवरचं?'

वय वर्षं दहा. जन्म कारवारचा, पहिलं पाऊल कोचीत, बालवाडी जामनगरला, पहिली गोव्यात आणि तिथून पुढची तीन वर्षं मालाडच्या मार्वेला. बाप नेव्हीत. त्यामुळे आत्ताचं गाव दर दोन-तीन वर्षांनी बदलतं, आधीच्या गावांची यादी वाढत जाते. फॉर्मवरचं गाव मात्र एकच, मुलुंड पूर्व. मिठागर रोडवरून आत एक गल्ली, तळमजला अधिक चारची बिल्डिंग, तिसरा मजला. बाकीच्या पोरांच्या मामाच्या गावाला आगगाडीनं जावं लागतं, हिच्या मामाच्या गावाला ठाणा लोकल पुरते. तो मामा म्हणजे मी.

तर झालं असं, की या मे महिन्यात ताईचं बिऱ्हाड मालाडहून विशाखापट्टणमला निघालं. जिजाजी आधीच जाऊन जहाजावर रुजू झालेले. (ते लॉजिस्टिक्स ब्रँचचे. म्हणजे अख्ख्या जहाजाचा दाणागोटा, पगार, सुटे भाग सगळं त्यांच्या हाती. घरचं लॉजिस्टिक्स मात्र बारा वर्षं ताईच बघते. हा जोक त्यांच्या घरात रोज होतो आणि रोज फक्त जिजाजी हसतात.) सामान ट्रकनं जाणार होतं. राहता राहिले ताई, दहा वर्षांची थोरली, सहा वर्षांचा धाकटा आणि पेढा.

पेढा हा नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर. सगळा घोळ त्याच्यामुळे. विमानात तो सामानाच्या पोटात जाणार, आणि या वयात, या उन्हात ताईला ते मंजूर नव्हतं. रेल्वेत कुत्रा सोबत न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे लागतो आणि कूपे मिळाला की नाही हे चार्ट लागल्यावर कळतं. नाहीतर गार्डच्या डब्यातला पिंजरा. शेवटी ताईनं जाहीर केलं, 'आपण कॅराव्हॅननं जायचं.'

आईला वाटलं कारवारला जायचंय.

पेटी क्रमांक एक

आपण उपनगरवासी फौज म्हटलं की कुलाबा डोळ्यांसमोर आणतो. खरं तर फौज आपल्या शेजारीच राहते. मार्वेच्या किनाऱ्याला आयएनएस हमला, मानखुर्दला आयएनएस तानाजी, घाटकोपरला एलबीएस रोडवर नेव्हीचा भला मोठा भांडार-डेपो, कांदिवली-मालाडला लष्कराचा सीओडी. रोज बसमधून त्या लांबच लांब भिंती बघून आपण पुढे जातो. भिंतीपलीकडे झाडं, शांतता आणि ताशी वीसच्या स्पीडनं चालणाऱ्या गाड्या. अलीकडे आपण. आणि गंमत बघा, आपल्या रिडेव्हलपमेंटचं भवितव्य कधीकधी याच भिंती ठरवतात. संरक्षण खात्याच्या २०११ सालच्या नियमांनंतर घाटकोपर, कांदिवली, मालाडमधल्या डेपोलगतच्या कित्येक जुन्या सोसायट्यांचं बांधकाम परवानगीविना वर्षानुवर्षं अडकलं. पावसाळ्यात प्लास्टर पडतंय आणि पलीकडे मात्र हिरवंगार!

मुलुंडला अशी भिंत नाही, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मार्वेच्या क्वार्टरवर मी पोचलो तेव्हा हॉलमध्ये त्रेचाळीस डाग रांगेत उभे होते. त्यातल्या निम्म्या त्या प्रसिद्ध काळ्या पेट्या, पांढऱ्या रंगात नाव, रँक आणि नंबर घातलेल्या. प्रत्येक बदलीला जुनी रँक खोडून वर नवी रंगवलेली. नीट निरखून पाहिलं तर लेफ्टनंटपासूनचा अख्खा करिअर ग्राफ एका झाकणावर! अशा बदलीत अधिकाऱ्याला ६००० किलोपर्यंत सामान सरकारी खर्चानं नेता येतं आणि बदलीचा भत्ता असतो मूळ पगाराच्या ८० टक्के. आपल्याला ऐकायला सही वाटतं. पण नवे पडदे (खिडक्यांची मापं प्रत्येक गावात वेगळी), शाळेची पुस्तकं, वाटेत फुटलेलं काचसामान, यात तो भत्ता कुठे विरघळतो ते ताईच्या वहीत लिहिलेलं आहे. वही थोरली सांभाळते.

ट्रकमध्ये बेचाळीस डाग चढले. पेटी क्रमांक एक चढली नाही.

'ती आपल्याबरोबर,' थोरली म्हणाली. सुरात अगदी सब-लेफ्टनंट. 'मामा, ट्रक लेट होतोच. पहिल्या रात्री जे लागतं ते सगळं एक नंबरमध्ये.' मी झाकण उघडून बघितलं. छोटा कुकर, चहा-साखरेच्या डब्या, लायटर आणि शिवाय काडेपेटी, दोन बल्ब, एक्स्टेंशन बोर्ड, स्क्रूड्रायव्हर, कुलूप, पडद्यांसाठी सुतळी, साबण, चार चादरी आणि रुमालात गुंडाळलेली अन्नपूर्णा. सहा घरं बदलून बदलून पक्की झालेली यादी. माझ्या एकाही मित्राकडे इतकं सॉर्टेड आयुष्य नाहीये.

साडेनऊ फुटांची गोष्ट

आता आमच्या 'चालत्या घरा'बद्दल. अमेरिकन सिनेमात दिसतं ते बसएवढं प्रकरण नव्हे. आपल्याकडे मिळते ती बहुतेक टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली. मागे दुमजली बंक, मध्ये टेबल-सोफा (रात्री तोच बेड), दोन शेगड्यांएवढा ओटा, छोटा फ्रिज आणि विमानात असतं तेवढं टॉयलेट. आपल्या राज्यानं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर भाड्यानं देणारे वाढले. गाडीबरोबर ड्रायव्हर येतो. मात्र एक मेख आहे. एकेरी प्रवास असला तरी गाडी रिकामी परत येण्याचं भाडंही तुमच्याच माथी. आकडा ऐकून आई म्हणाली, 'एवढ्यात आमचं लग्न झालं होतं, कार्यालयासकट.'

मालाड ते मुलुंड हा पहिला टप्पा. पक्षी म्हणून जन्माला आला असतात तर नॅशनल पार्कावरून पंधरा मिनिटं. माणूस असल्यामुळे वेस्टर्न एक्स्प्रेस, मग जेव्हीएलआर, मेट्रोचे खांब, पवई, कांजूर आणि मग ईस्टर्न. दुपारी निघूनसुद्धा आम्हाला पावणेदोन तास लागले. धाकट्यानं पवई तलावाशी विचारलं, 'विशाखापट्टणम आलं?' सिग्नलला शेजारच्या रिक्षातले दोघे आयटीवाले आमच्या खिडकीतून आत वाकून बघत होते. आत ताई डाळ-तांदूळ धूत होती. त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव मी आयुष्यभर विसरणार नाही. म्हणजे ट्रॅफिकमध्ये अडकायचंच आहे तर कुकर लावून अडकावं, हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही!

गल्लीत शिरलो आणि पहिला धडा मिळाला. सोसायटीच्या गेटवर १९८६ सालची सिमेंटची कमान. कॅराव्हॅनची उंची एसीसकट साडेनऊ फूट. कमान नऊ फूट. गाडी गल्लीतच उभी राहिली. वर सेक्रेटरीकाका खाली उतरले, कारण आम्ही एसीसाठी वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढली होती. 'कॉमन मीटर आहे हा.' आई तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून म्हणाली, 'अहो, आठ दिवसांत मीटरच राहणार नाहीये.'

आणि खाली सगळे गप्प झाले.

कारण सांगायची गोष्ट ही होती. आमची बिल्डिंग पडतेय. रिडेव्हलपमेंट. मेच्या ३१ तारखेपर्यंत सगळ्यांनी घरं रिकामी करून द्यायची, तीन वर्षं डेव्हलपरच्या भाड्यावर दुसरीकडे राहायचं, मग बाविसाव्या का कितव्या मजल्यावर नवं घर. आज मुलुंडमध्ये कुठल्याही गल्लीत जा, हिरव्या जाळीत गुंडाळलेली एक तरी बिल्डिंग दिसेल. घाटकोपर, बोरिवली, विलेपार्ले, सगळीकडे तेच. पूर्वी यासाठी ७५ टक्के सभासदांची संमती लागायची, २०१९ सालच्या सरकारी निर्णयानंतर ५१ टक्के पुरते. आमच्याकडे प्रश्नच नव्हता, जवळपास सगळेच 'हो' म्हणाले. लिफ्ट नाही, आईचे गुडघे गेलेले, गच्ची गळते. सभेत आईच्या वतीनं मी बोललो. सहीसाठी पेन मीच पुढे केलं.

ताईला मी हे फोनवर सांगितलं होतं. एप्रिलमध्ये. सह्या जानेवारीत झाल्या होत्या.

त्या रात्री थोरली वर गेली आणि घरात फिरून आली. आजीनं चाळीस वर्षांचा संसार कुठून आवरायला घ्यावा हे न कळून एकही खण उघडला नव्हता. आई लग्न होऊन परळच्या चाळीतून या घरात आली ती एक ट्रंक घेऊन. त्यानंतर सामान हलवणं तिला माहीतच नाही. थोरलीनं वही काढली. 'आजी, आधी खोलीनुसार नाही, आधी दिवसानुसार. शेवटच्या दिवशी काय लागेल ते सगळ्यात शेवटी पॅक करायचं. माळ्यावरचं आधी.' रात्री अकरापर्यंत दोघींनी यादी केली. मी चहा देत होतो. मग आजी, थोरली, धाकटा आणि पेढा असे चौघं जाऊन खाली गल्लीत, कॅराव्हॅनमध्ये झोपले. आमची आई गाऊनवर ओढणी घेऊन, वॉचमनसमोरून, गल्लीत लावलेल्या गाडीत झोपायला गेली, ही बातमी सकाळी दूधवाल्यामार्फत नीलमनगरपर्यंत पोचली होती.

निघताना तिनं धाकट्याच्या हातावर हळद-कुंकू लावलेलं पाच रुपयांचं नाणं ठेवलं. 'वाटेत गोदावरी लागेल. तिला घाल.'

वॉटर, वॉटर एव्हरीव्हेअर

ऐरोलीचा पूल, खाडीत दूरवर गुलाबी ठिपके म्हणजे अजून न निघालेले फ्लेमिंगो, मग बेलापूर रोड, कळंबोली, एक्स्प्रेस वे. हा भाग तुम्ही ऑफिसच्या ऑफसाइटला शंभरदा केलाय, मी सोडून देतो. पुण्याच्या पुढे सोलापूर रोड लागला आणि खरी ट्रिप सुरू झाली. हाच रस्ता पुढे हैदराबाद, विजयवाडा करत जातो, राष्ट्रीय महामार्ग ६५. विजयवाड्याला तो सोडायचा आणि १६ नंबर पकडून समुद्राच्या कडेकडेनं वर. सगळं मिळून साधारण साडेतेराशे किलोमीटर. आम्ही चार दिवस लावले.

कॅराव्हॅनमध्ये राहायचं तर तीन पाण्यांशी मैत्री करावी लागते. प्यायचं-धुवायचं स्वच्छ पाणी, सिंकचं सांडपाणी आणि तिसरं, ज्याचं नाव आम्ही जेवताना घेत नव्हतो. पहिल्याची टाकी दोन आंघोळींत संपते. तिसऱ्याची टाकी रिकामी कुठे करायची हा राष्ट्रीय प्रश्न आहे. आपल्याकडे परदेशासारखे कॅराव्हॅनचे तळ हायवेवर नाहीत. त्यामुळे मोठा पेट्रोल पंप किंवा ट्रकवाल्यांचा ढाबा गाठायचा, मालकाशी गोड बोलायचं, शंभर-दोनशे रुपये द्यायचे. गोड बोलायचं काम माझं, कारण मास कॉमची डिग्री आहे! एसी चालवायचा तर गाडीचं इंजिन किंवा जनरेटर हवा, नाहीतर कुणाचा तरी प्लग. मे महिन्यात हे फार महाग पडतं. भिगवणच्या आसपास दुपारी आतमध्ये इतकं उकडलं की पेढा फ्रिजला टेकून बसला तो उठेना.

म्हणून एक फुकटचा सल्ला. जायचंच असेल तर डिसेंबरात जा आणि सरकारी बदली नसेल तर कोकणात जा.

पण काही गोष्टी त्या गाडीशिवाय मिळाल्या नसत्या. टेंभुर्णीच्या पुढे आम्ही उसाच्या शेताकडेला गाडी लावली, ताईनं तिथेच पिठलं टाकलं. सोलापुरात रात्री ट्रकवाल्यांच्या शेजारी मुक्काम केला. त्यांच्यातला एकजण तमिळनाडूचा, त्याची केबिन म्हणजे आमच्यापेक्षा जुनी कॅराव्हॅनच. मागे बेड, पुढे देव, खाली स्टोव्ह. धाकट्यानं त्याला आपला बंक दाखवला, त्यानं धाकट्याला आपला. दोघांनी एकमेकांच्या घराला माना डोलावल्या. सोलापुरातून शेंगाची चटणी दोन किलो घेतली. ताई म्हणते, नव्या गावातल्या शेजाऱ्यांशी ओळख करायला एवढी पुरते.

नळदुर्ग

दुसऱ्या दिवशी सकाळी नळदुर्ग. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात महाल बांधणाऱ्या आदिलशाहीला माझा सलाम. पावसाळ्यात त्या बांधावरून नर-मादी धबधबे कोसळतात, म्हणून गर्दी तेव्हा होते. मे महिन्यात बांध कोरडा ठणठणीत. खालच्या पाणीमहालात मात्र सुखद गार. पोरं आणि पेढा तिथे पळत सुटले, ताई एका खिडकीत बसली आणि म्हणाली,

'तू मला जानेवारीत का नाही सांगितलंस?'

मी तयारीत नव्हतो. म्हणालो, 'आई मेंबर आहे गं. सही तिची लागते. तुझी लागतच नव्हती.'

हे बोललो आणि त्याच क्षणी कळलं की हेच बोलायचं नव्हतं.

तिची सही लागत नव्हती, कारण तिनं ती आठ वर्षांपूर्वीच करून ठेवलीय. बाबा गेल्यावर घर आईच्या नावावर करताना रजिस्ट्रारकडे हक्कसोडपत्र करायचं होतं. ती कोचीहून आली, कडेवर थोरली, दोन तासांत सही-अंगठा करून संध्याकाळच्या फ्लाइटनं परत. 'मला काय करायचंय घर, मला सरकार देतं,' असं हसत म्हणाली होती. आम्ही सगळेच हसलो होतो. वडापाव खाल्ला होता.

'सरकार देतं आणि सरकार घेतं,' ती आता म्हणाली. 'बारा वर्षांत मी सहा घरांच्या भिंतींना खिळे ठोकले आणि जाताना सगळी भोकं पुट्टीनं बुजवून दिली. नियमच आहे तो. मुलुंडच्या घरात माझ्या दहावीच्या टाइमटेबलचा खिळा अजून आहे.'

मी म्हणालो, नवीन घरात तुझं नाव लावू. आईशी बोलतो. वकिलाला विचारतो. मी बरंच काय काय म्हणालो.

'हिस्सा नकोय रे मला. विचारायचं होतंस फक्त.'

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाहीये. खरं कारण असं, की ती 'नको' म्हणाली तर काय, याची मला भीती होती. ती म्हणाली असती आणि आईनं तिचं ऐकलं असतं. दर महिन्याला गच्चीचं गळणं, आईचे गुडघे आणि चार जिने बघणारा मी होतो. ती बघत नव्हती, ती फॉर्मवर लिहीत होती. हेही मी तिला तिथे सांगितलं नाही, इथे लिहितोय. वाचेल ती.

तेवढ्यात पेढ्यानं कुठलंतरी शेळीचं पिल्लू पळवून लावलं, पिल्लाची मालकीण ओरडत आली आणि आम्ही दोघं माफी मागायला धावलो.

उमरग्याच्या पुढे मराठी पाट्या संपल्या. कानडी सुरू झाली. हुमनाबादला चहावाल्यापुढे मी तोडकी हिंदी पाजळली तर तो म्हणाला, 'साखर कमी टाकू का?' बिदरच्या या पट्ट्यात मराठी अजून घरात आहे. त्यानंतर मात्र तेलुगू अक्षरं, जिलेबीसारखी गोल. थोरलीनं लगेच वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली. 'एक' आणि 'बाथरूम' हे शब्द ती प्रत्येक भाषेत आधी शिकते.

इकडे कुणाची पोस्टिंग?

सूर्यापेटचा मुक्काम उष्ण आणि डासांचा, त्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही. ताई माझ्याशी कामापुरतं बोलत होती. विजयवाड्यानंतर रस्त्याकडेला ताडगोळ्यांचे ढीग लागले. तिकडे त्यांना मुंजलु म्हणतात. मालाड स्टेशनबाहेर डझनाचा भाव विचारून मागे फिरणारे आपण, तिथे आम्ही पोट फुटेपर्यंत खाल्ले. सोलून ताईनं पहिला माझ्या हातात दिला. मी काही बोललो नाही, खाल्ला.

राजमहेंद्रवरमला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पुष्कर घाटावर उभं राहिलं की नदी दिसत नाही, समुद्र दिसतो. दूर रेल्वेच्या पुलाच्या कमानी, मध्ये नुसतं पाणी. ही तीच गोदावरी. नाशिकला रामकुंडावर आपण गुडघाभर पाण्यात उतरतो ती. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीत उगम, १४६५ किलोमीटरचा प्रवास, आणि इथून थोड्याच अंतरावर समुद्र. धाकट्याला मी हे जमेल तसं समजावलं. तो बराच वेळ बघत राहिला.

'म्हणजे हीपण महाराष्ट्रातून आली? आणि आता इथेच राहणार?'

'हो.'

'हिची शाळा?'

तो हसण्यावारी नेण्याचा प्रश्न नाही हे मला उशिरा कळलं. त्याची पहिली नव्या शाळेत होणार होती. त्याच्या जगात गाव बदललं तरी शाळा तीच, कारण केंद्रीय विद्यालयं १९६३ साली सुरू झाली तीच मुळी बदल्यांवर फिरणाऱ्या सरकारी नोकरांच्या पोरांसाठी. तोच अभ्यासक्रम, तोच गणवेश, फक्त बाक वेगळा. थोरलीनं त्याला ते सांगितलं. 'शर्ट तोच चालतो,' ती म्हणाली. त्याला बरं वाटलं. मग त्यानं आजीचं नाणं नदीत टाकलं. टाकताना त्यानं काय मागितलं ते तो सांगायला तयार नाही.

शेवटच्या दिवशी अन्नवरमला थांबलो. सत्यनारायणाचं हे देवस्थान आंध्रात फार मोठं. नव्या घरात शिरण्याआधी सत्यनारायण हा आपल्याकडचा शिरस्ता, तेव्हा ताईला वाट वाकडी करायची नव्हतीच, देवच हायवेवर होता. देऊळ ज्या टेकडीवर आहे तिचं नाव रत्नगिरी. ते कळल्यावर ड्रायव्हरकाका, जे चिपळूणचे, एकदम हळवे झाले आणि त्यांनी द्रोणात बांधलेला गूळ-गव्हाच्या रव्याचा प्रसाद सहा पुडे घेतला.

विशाखापट्टणमला पूर्व नौदल मुख्यालय आहे. आपल्या मुंबईला पश्चिमेचं. म्हणजे या कुटुंबानं एका किनाऱ्याच्या हेडऑफिसातून दुसऱ्या किनाऱ्याच्या हेडऑफिसात बदली घेतली एवढंच. समुद्र मात्र उलटा. मार्वेला सूर्य समुद्रात बुडायचा, इथे समुद्रातून वर येतो. रामकृष्ण बीचवर आयएनएस कुरसुरा ही निवृत्त पाणबुडी वाळूवर आणून ठेवलीय, २००२ सालापासून संग्रहालय म्हणून. ती बघायला गेलो तर धाकट्याचं मत पडलं, 'हीपण कॅराव्हॅनच आहे. टॉयलेट बघ केवढंसं.'

ट्रक आला नव्हता. अर्थातच. रिकामं क्वार्टर, चुन्याचा वास, खिडकीबाहेर नारळ. थोरलीनं पेटी क्रमांक एक हॉलच्या मधोमध ठेवली आणि वीस मिनिटांत त्या खोलीत चहा झाला, बल्ब लागला, सुतळीवर चादरीचा पडदा चढला, अन्नपूर्णा कोनाड्यात बसली. जिजाजी दोन तासांसाठी आले, पोरांना उचललं, पेढ्याला उचलायचा प्रयत्न केला आणि परत गेले. पहाटे जहाज सुटणार होतं. ताई दारात उभी राहून भिंतीकडे बघत होती. जुन्या राहणाऱ्यानं भोकं नीट बुजवली नव्हती. एक खिळा तसाच होता.

'राहू दे,' ती म्हणाली. 'कॅलेंडरला होईल.'

ठाण्याला उतरलो

मी परत निघालो ते एलटीटीच्या एक्स्प्रेसनं. चार दिवस घेतलेलं अंतर रेल्वे एका दिवसाच्या थोडं वर उरकते, तेही वरच्या बर्थवर आडवं पडून. ठाण्याला उतरलो, स्लो लोकल पकडली, पुढचंच स्टेशन मुलुंड. मिठागर रोडवरून चालत गल्लीत वळलो तर आमच्या कमानीखाली टेम्पो उभा. दुसऱ्या मजल्यावरचे जोशी निघाले होते. कमान नऊ फुटांची असल्यामुळे टेम्पो बाहेरच, आणि हमाल कपाट डोक्यावर घेऊन चालत येत होते.

वर घर ओळखू येत नव्हतं. माळा रिकामा. भिंतीला लागून खोकी, प्रत्येकावर थोरलीच्या अक्षरात नंबर. आई कुणालाही न विचारता, वहीतली यादी बघून, एकटी त्रेपन्नपर्यंत पोचली होती. गुडघे बांधून खुर्चीत बसली होती आणि खूश होती. दहावीच्या टाइमटेबलचा खिळा मी शोधला. बेडरूमच्या दारामागे, डोळ्यांच्या उंचीला. ताईच्या तेव्हाच्या डोळ्यांच्या. स्क्रूड्रायव्हर शोधत होतो तेवढ्यात फोन वाजला.

'मामा, पोचलास? आजीच्या एक नंबर पेटीत काडेपेटी ठेवलीयेस का?'

'लायटर आहे की.'

'लायटर चालत नाही कधीकधी. आणि नव्या घरात गॅसची पाइपलाइन आहे की सिलिंडर? तू बघून आलायस ना घर?'

मी बघून आलो नव्हतो.

'मामा!' ती म्हणाली, आणि मागे कुणालातरी ओरडून सांगितलं, 'आई, हा अजून गेलेलाच नाहीये बघायला.' पलीकडून ताईचा आवाज आला, नीट ऐकू आला नाही. मग थोरली म्हणाली, 'आई विचारते, किती वाजता जाणारेस? व्हिडिओ कॉल कर म्हणते. तिला आधी बघायचंय.'